बांगडे दीडशे, पण होड्या किती?

मोजायचं काय हे अजून ठरलं नव्हतं, पण आर हे संख्याशास्त्राचं सॉफ्टवेअर मात्र प्रोजेक्टला आलेल्या दोघांच्याही लॅपटॉपवर उतरवून झालं होतं. तिसऱ्या वर्षाची बहुतेक पोरं अशीच येतात. "सर, आर इन्स्टॉल केलंय, आता डेटा कुठला घ्यायचा?" म्हणजे पाटा-वरवंटा आणून ठेवलाय, वाटायचं काय ते तुम्ही सांगा.

मी मालवणकडे संख्याशास्त्र शिकवतो. इथे डेटासाठी इंटरनेट धुंडाळायची गरज नसते, सकाळी बंदरावर गेलं की तो टोपल्यांनी उतरतो. म्हणून या लेखात एकच प्रोजेक्ट धरून चालतो, बांगड्याची लांबी आणि वजन. पुढचे आकडे समजावण्यापुरते घेतलेले आहेत, ते कुठल्या अहवालात चिकटवू नका. वाट मात्र तीच आहे, मग तुम्ही बांगडे मोजा, हापूस मोजा की एसटीला होणारा उशीर मोजा.

"बांगड्यांचा सांख्यिकीय अभ्यास" हा विषय झाला, प्रश्न नाही. प्रश्न असा हवा की त्याचं उत्तर चुकूही शकेल. आपण दोन घेऊ. या बंदरावर नोव्हेंबरात उतरलेला बांगडा जानेवारीतल्या बांगड्यापेक्षा लहान असतो का? आणि बांगड्याची लांबी वाढते तेव्हा वजन किती पटीने वाढतं? दुसरा प्रश्न पोरांना रटाळ वाटतो, पण मत्स्यशास्त्रात तो रोजच्या कामाचा आहे. हलत्या होडीवर मासा नीट तोलणं कठीण, पट्टी लावणं सोपं. लांबीवरून वजन काढता आलं तर निम्मं काम वाचतं.

टोपलीपाशी

पहिल्या दिवशी पोरं पट्टी आणि वजनकाटा घेऊन एका मावशीच्या टोपलीसमोर बसली. दोन-तीन बांगडे उचलून झाल्यावर मावशी म्हणाली, "घेवचो आसा तर घे, नायतर बाजूक हो." रास्त होतं. मग त्यांनी टोपलीच विकत घेतली आणि वरचे पंचवीस बांगडे मोजले.

इथे पहिली चूक झाली. टोपलीत वर काय असतं हे कोकणातल्या कुठल्याही घरात विचारा. मोठे, चकचकीत, लाल कल्ल्यांचे बांगडे वर आणि बारके खाली. वरचे पंचवीस मोजले तर तुम्ही बांगडा मोजला नाहीत, मावशीचं विक्रीकौशल्य मोजलंत. उपाय साधा आहे. टोपली रिकामी करताना ओळीने येणाऱ्या माशांतला दर पाचवा घ्यायचा, मग तो कसाही असो. हात आपोआप देखण्या माशाकडे जातो, म्हणून हाताला निवड करू द्यायची नाही.

मावशीचा वाटा मात्र मला संख्याशास्त्रज्ञ म्हणून फार आवडतो. दोन मोठे, दोन मध्यम, एक बारका अशी भरती करून ती प्रत्येक वाटा सारखा करते. आम्ही वर्गात ज्याला स्तरित नमुना म्हणतो, त्याची ही सख्खी बहीण. फरक इतकाच की मोठ्या-बारक्यांचं प्रमाण तिने ठरवलेलं असतं, समुद्राने नाही. म्हणून वाटा घरी न्यायला उत्तम, सरासरी काढायला कुचकामी.

जाळंही निवड करतं. जाळ्याच्या भोकाला आस म्हणतात. अडकवण्याच्या जाळ्यात आसाहून बारका बांगडा निसटतो आणि फार मोठा आत शिरतच नाही, म्हणून त्यातले बांगडे आश्चर्य वाटावं इतके एका मापाचे येतात. रापण हे मोठं जाळं किनाऱ्याकडे ओढून आणतात तेव्हा लहानमोठं पुष्कळ काही एकत्र येतं. नोव्हेंबरात रापणीचे आणि जानेवारीत अडकवण्याच्या जाळ्यातले मासे मोजलेत तर फरक महिन्याचा की जाळ्याचा, हे जगातलं कुठलंही सॉफ्टवेअर सांगू शकणार नाही. दोन्ही महिन्यांत दोन्ही प्रकार घ्या, नाहीतर दोन्ही वेळा एकच घ्या.

होड्या मोजा

आता या लेखातली मुख्य गोष्ट. पोरं म्हणाली, "सर, दीडशे बांगडे झाले." मी विचारलं, "किती होड्यांतले?" उत्तर आलं पाच.

बांगडा थव्याने फिरतो, आणि एका थव्यातले मासे साधारण एका मापाचे असतात. एका होडीला एक थवा लागला की तिच्यातला दुसरा, तिसरा, तिसावा बांगडा आपल्याला फारसं नवीन काही सांगत नाही. एकाच घरातल्या तीस जणांना विचारून गावाचं मत काढल्यासारखं ते होतं. अर्जावर सह्या तीस, घर एकच.

हे मोजायचं सूत्र आहे आणि ते घाबरण्यासारखं नाही. एका होडीतले मासे एकमेकांशी किती सारखे आहेत याला शून्य ते एक यामधला आकडा द्या. शून्य म्हणजे काहीच संबंध नाही, एक म्हणजे हुबेहूब. समजा तो ०.३ आहे. प्रत्येक होडीतून ३० मासे घेतले. मग ३० मधून १ वजा करायचा, ०.३ ने गुणायचं आणि १ मिळवायचा. २९ गुणिले ०.३ म्हणजे ८.७, अधिक १ म्हणजे ९.७. आता १५० ला ९.७ ने भागा. उत्तर येतं साडेपंधराच्या आसपास. हातात दीडशे बांगडे, पण त्यांची माहिती सुमारे पंधरा सुट्या बांगड्यांएवढी.

तेच दीडशे मासे तीस होड्यांतून पाच-पाच घेतले असते तर? ४ गुणिले ०.३ अधिक १ म्हणजे २.२. १५० भागिले २.२ म्हणजे ६८. मेहनत जवळपास तेवढीच, वजनकाटा तोच, मासेही तेवढेच, पण माहिती चौपटीहून जास्त. बांगड्यांच्या लांबीचं प्रमाण विचलन, म्हणजे सरासरीभोवतीची पसरण, २ सेंटिमीटर धरलं तर पाच होड्यांवरून काढलेली सरासरी निदान एक सेंटिमीटर इकडे-तिकडे असू शकते. तीस होड्यांची अर्ध्या सेंटिमीटरच्या आत येते. आणि सॉफ्टवेअरला होड्यांबद्दल काहीच सांगितलं नाहीत, तर ते दीडशे सुटे मासे समजून बेधडक सांगतं की चूक फार तर ०.३ सेंटिमीटर. पोरं हाच आकडा जाड ठशात छापतात.

देशाच्या पातळीवर हा विचार फार आधी झाला. साताऱ्याकडच्या बुध गावात १९११ साली जन्मलेले पां. वा. सुखात्मे हे जगभर नाव असलेले नमुना-पाहणीतज्ज्ञ. समुद्रातल्या मासळीचा अंदाज नमुना घेऊन कसा बांधावा यावर सुखात्मे, पानसे आणि शास्त्री यांचा शोधनिबंध १९५८ साली आला. केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्था आजही टप्प्याटप्प्याने नमुना घेते. आधी बंदर आणि दिवस निवडायचे, मग त्या दिवशी आलेल्या होड्यांतून काही होड्या. मासा सगळ्यात शेवटी.

अर्थात तीस होड्या एकाच सकाळी उरकू नका. एका सकाळच्या होड्यांवर वारा, चंद्र, पाणी सगळ्यांचा एकसारखा परिणाम असतो. सहा दिवस, रोज पाच होड्या. १ जूनला पावसाळी मासेमारी बंदी लागते, म्हणून मे महिन्यावर काही ढकलू नका.

तक्ता, आणि मराठी कीबोर्डची गंमत

एका ओळीत एक मासा. कॉलम असे: तारीख, बंदर, होडीचा क्रमांक, जाळं, माशाचा क्रमांक, लांबी, वजन, मोजणारा. शेवटचा कॉलम पोरांना फालतू वाटतो. तो का लागतो ते पुढे येईल.

लांबीच्या कॉलममध्ये फक्त आकडा. "२२.४ सेमी" असं लिहिलंत की सॉफ्टवेअरच्या लेखी ते अक्षर झालं, त्याची सरासरी निघत नाही. मोजता आलं नाही तर शून्य लिहू नका, कप्पा रिकामा ठेवा. शून्य ग्रॅमचा बांगडा नसतो, पण सरासरी त्याला धरूनच निघेल. आर रिकाम्या कप्प्याला एनए म्हणतं, आणि एका कॉलममध्ये एक जरी एनए असला तरी सरासरी द्यायला नकार देतं. पोरं चिडतात, मला तो त्याचा प्रामाणिकपणा वाटतो.

आता आपल्याकडची खास अडचण. एकीने सगळ्या नोंदी बंदरावरच मोबाइलवर केल्या, मराठी कीबोर्डवर, देवनागरी आकड्यांत. पडद्यावर सगळं सुंदर. आरमध्ये फाइल उघडली तर सगळा कॉलम मजकूर. आर देवनागरी आकड्याला आकडा मानत नाही. दोन तास आम्ही "सरासरी का निघत नाही" म्हणून कोड उलटापालटा करत बसलो होतो, आणि दोष कोडात नव्हताच. म्हणून फाइल उघडल्यावर पहिली कमांड एसटीआर. कुठला कॉलम आकड्यांचा आणि कुठला मजकुराचा हे ती एका दमात सांगते.

एक्सेल तर न विचारता मदत करतं. तारखांसारखी दिसणारी नावं ते तारखा करून टाकतं. जनुकांच्या नावांचं असं इतक्यांदा झालं की २०२० साली नामकरण समितीने काही मानवी जनुकांची नावंच बदलली. तुमच्या तक्त्यात ०३/०४ हा ३ एप्रिल की ४ मार्च, हा घोळ ठरलेलाच. तारीख वर्ष-महिना-दिवस या क्रमाने लिहा आणि मूळ फाइलला नंतर हात लावू नका. दुरुस्ती करायची ती कोडात करायची, म्हणजे काय बदललं त्याचा माग राहतो.

आर बद्दल थोडक्यात. न्यूझीलंडच्या ऑकलंड विद्यापीठात रॉस इहाका आणि रॉबर्ट जंटलमन यांनी १९९० च्या दशकात ते घडवलं. दोघांच्या नावांचं आद्याक्षर आर, आणि ज्या जुन्या भाषेवरून ते बेतलं तिचं नाव एस. पहिली पूर्ण आवृत्ती २९ फेब्रुवारी २००० ला आली, म्हणजे तिचा खरा वाढदिवस चार वर्षांतून एकदा. फुकट आहे, पाच-सात वर्षं जुन्या लॅपटॉपवर चालतं. माउसने टिचकी मारत काम करायचं असेल तर जॅमोवी आहे, तेही फुकट. हल्ली पोरं चॅटबॉटकडून कोड लिहून आणतात. माझी हरकत नाही, कोड बहुधा चालतो. पण होड्या किती होत्या हे चॅटबॉटने विचारल्याचं अजून माझ्या ऐकण्यात नाही.

आधी बघा, मग मोजा

सरासरी काढायच्या आधी ठिपक्यांचा आलेख काढा. आडव्या अक्षावर लांबी, उभ्यावर वजन, प्रत्येक बांगड्याचा एक ठिपका. फ्रान्सिस अँस्कम याने १९७३ साली अकरा-अकरा जोड्यांचे चार संच करून दाखवले. चौघांतही आडवी सरासरी ९, उभी ७.५, सहसंबंध ०.८१६. आकड्यांवरून चार जुळे भाऊ. आलेख काढला तर एक साधा ढग, एक कमान, एक सरळ रेघ जिच्यातून एकच ठिपका सुटलाय, आणि चौथ्यात एक ठिपका सोडून बाकी सगळे एकावर एक उभे. आर मध्ये हा डेटा आतच असतो, त्याचं आडनाव टाइप केलं की समोर येतो.

आमच्या आलेखात एकाऐवजी दोन पट्टे दिसले. एकाच वजनाचे बांगडे, पण काहींची लांबी दोन-अडीच सेंटिमीटरने कमी. पोरं खूश. "सर, दोन वेगळ्या जाती!" एकाने तर निष्कर्षाचा परिच्छेदही लिहून टाकला. मी म्हटलं, ठिपक्यांना मोजणाऱ्याप्रमाणे रंग द्या. दिले. एक पट्टा सगळा निळा, एक सगळा तांबडा. एक जण शेपटीच्या टोकापर्यंत मोजत होता, दुसरी शेपटीच्या बेचक्यापर्यंत. दोन्ही पद्धती मान्य आहेत, पण एका तक्त्यात एकच चालते. मोजणाऱ्याचा कॉलम नसता तर मालवणच्या समुद्रात बांगड्याची नवी जात सापडली असती.

आणखी एक नजर शेवटच्या अंकावर टाका. मिलिमीटरची पट्टी असेल तर दशांशानंतर शून्य ते नऊ सगळे अंक साधारण सारखे यायला हवेत. निम्म्या लांबी .० आणि .५ वर संपत असतील तर कोणीतरी कंटाळून अंदाजाने लिहितंय. घरी बसून बनवलेल्या डेटात उलट होतं. खरं वाटावं म्हणून पोरं शून्य आणि पाच टाळतात. तोंडी परीक्षेत मी हे पाहतो, हे आता सगळ्यांना कळेलच. कळू दे.

मोदक आणि लॉग

लांबी दुप्पट झाली तर वजन दुप्पट होत नाही. उकडीचा मोदक घ्या. त्याच आकाराचा पण दुप्पट उंच मोदक करायचा तर सारण दुप्पट पुरत नाही, आठपट लागतं, कारण तो लांबी, रुंदी, उंची तिन्हीकडे वाढतो. दोनाचा घन आठ. मासाही तसाच. १० सेंटिमीटरचा बांगडा १० ग्रॅमचा धरला तर २० सेंटिमीटरचा ८० ग्रॅमच्या आसपास जायला हवा.

म्हणून आलेख सरळ रेघ नसतो, वर वळलेली कमान असते, आणि कमानीवर सरळ रेघ बसवणं म्हणजे वाकड्या फांदीला पट्टी बांधणं. इथे लॉग कामाला येतो. लॉग गुणाकाराची बेरीज करतो, घाताचा गुणाकार करतो. १० चा लॉग १, २० चा १.३०१, ८० चा १.९०३. लांबीचा लॉग ०.३०१ ने वाढला तेव्हा वजनाचा ०.९०३ ने वाढला, म्हणजे बरोबर तिप्पट. कमान सरळ झाली आणि तिचा उतार निघाला ३, तोच घनाचा तीन. आर चा लॉग दहाच्या पायाचा नसतो म्हणून घाबरू नका, दोन्हीकडे एकच लॉग असला की उतार बदलत नाही.

आता एलएम ही कमांड वापरून रेघ बसवा. समजा उतार आला ३.०८, त्याची प्रमाण त्रुटी, म्हणजे त्या अंदाजातली साधारण चूक, ०.०७. शेजारी तीन चांदण्या आणि पी व्हॅल्यू (उतार खरंच शून्य असता तर निव्वळ योगायोगाने असं काही दिसण्याची शक्यता) इतकी बारीक की आर ती सोळा शून्यांच्या भाषेत छापतं. पोरं लिहितात, "निष्कर्ष अत्यंत लक्षणीय आहे."

कशाबद्दल लक्षणीय? ती चांदणी एकाच प्रश्नाचं उत्तर देते, उतार शून्य आहे का. म्हणजे लांब बांगडा जड असतो का. हे मावशीला जाऊन सांगा, ती तुमच्याकडे कशी बघते ते पाहा. आपला प्रश्न होता उतार ३ आहे का. तो सॉफ्टवेअरला कोणी विचारलाच नाही. हाताने काढा. ३.०८ वजा ३ म्हणजे ०.०८, भागिले ०.०७, म्हणजे १.१४. दोनच्याही खाली, म्हणजे योगायोगाने सहज येण्याइतका. उताराचा ९५ टक्के विश्वास-पट्टा, म्हणजे खरा उतार जिथे असावा तो पल्ला, साधारण २.९४ ते ३.२२, आणि ३ त्यात आरामात बसतो. तेव्हा लिहायचं ते एवढंच, की बांगडा वाढताना आकार बदलतो असं म्हणायला आपल्या डेटात पुरेसा आधार नाही. बदलत नाही हे सिद्ध झालं, असं नव्हे.

हा पट्टाही दीडशे मासे सुटे धरून काढलेला आहे. होड्या लक्षात घ्यायच्या तर मिश्र मॉडेल वापरतात, त्यासाठी एलएमई४ हे पॅकेज आहे. पदवीच्या पोरांनी तिथवर जायलाच हवं असं नाही. दोन महिन्यांच्या तुलनेसाठी त्याहून साधी युक्ती पुरते. प्रत्येक होडीच्या पाच माशांची सरासरी काढा आणि त्या सरासऱ्यांवर टी-टेस्ट करा, म्हणजे दोन महिन्यांतला फरक योगायोगाचा असू शकतो का ते तपासा. दर महिन्याला तीस होड्या, तीस आकडे. आकडे कमी दिसतात म्हणून वाईट वाटून घेऊ नका, तेवढीच तुमची खरी माहिती होती. टी-टेस्टच्या उत्तरात डिग्रीज ऑफ फ्रीडम (चाचणीला वापरता आलेल्या सुट्या आकड्यांचा हिशेब) ५४.७ अशा अपूर्णांकात आल्या की दरवर्षी कोणीतरी घाबरून फोन करतं. आर न सांगता वेल्चची टी-टेस्ट करतं, जी दोन्ही गटांची पसरण सारखी धरत नाही. अपूर्णांक तिथून येतो. चूक नाही, तसंच राहू द्या.

अहवालात ३.०८१२७४६ असं छापू नका. काटा एक ग्रॅमचा, पट्टी एक मिलिमीटरची, आणि उत्तर सात दशांशांत? ३.०८ पुरे.

राहता राहिला मोजलेल्या माशांचा प्रश्न. दीडशे बांगडे फेकायचे नसतात. आमच्याकडे प्रथा पडली, मोजून झाले की एकीच्या घरी जायचे, तिची आई तिरफळं घालून तिकला करायची. एकदा जेवून आल्यावर आलेख काढला, तर एक ठिपका सगळ्यांपासून लांब, वर एकटाच. ८७ वी ओळ, लांबी २१.३, वजन २१३. दशांश चिन्ह उडवून लांबीच वजनाच्या कप्प्यात पुन्हा पडली होती, किंवा तो मासा खरोखरच तेवढा होता. तपासायला काटा तयार, वही तयार, मासा नव्हता. लांबीच्या अंदाजावरून तिथे शंभर ग्रॅम टाकूया, असं एकाने सुचवलं. मी नाही म्हटलं. त्या फाइलीत ८७ व्या ओळीत वजनासमोर आजही एनए आहे. तिकला मात्र झकास झाला होता.